मशीनच सगळं करतं, मग पोरगी कशाला?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका वडिलांचं पत्र आलंय. घरी टॉवेल-चादरीचे माग, मुलगी केमिस्ट्रीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, ७१ टक्के. तिला क्रिस्टलोग्राफीत जायचंय, म्हणजे क्रिस्टलवर, स्फटिकावर, एक्स-रे सोडून रेणूची रचना शोधायची. वडील लिहितात, 'आम्ही बीएड ठरवलंय, तुम्ही तिला समजवा. ते काम आता मशीन करतं, आणि ही मागाच्या खोलीत फळीवर बाटलीत बेन्झोइक ॲसिड ठेवून आठवडाभर बघत बसते.'

काका, ७१ टक्क्यांचं सोडा, त्याने काही अडत नाही. मला खटकलं ते 'आम्ही ठरवलंय'. दोन पानांत मुलीचं स्वतःचं एक वाक्य नाही, प्रश्न तुमचा, उत्तर पण तुमचंच, मग मला कशाला विचारलं ओ? समजवायला मी मिळणार नाही. बीएड वाईट नाही, पण ज्याला शिकवायचंय त्याने करावं, 'स्थळाला बरं पडतं' म्हणून केलेलं बीएड शेवटी वर्गातल्या पोरांना भोगावं लागतं.

आता मशीनचं. जेकार्डच्या चादरीत एक रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, कळला की अख्खी चादर कळते ना, क्रिस्टल पण तसाच, फक्त रिपीट तिन्ही दिशांना. पण मशीन चादर दाखवत नाही, ते कमी-जास्त तेजाचे हजारो ठिपके देतं, आणि एक्स-रेची कुठली लाट किती पुढे-मागे होती, ज्याला फेज म्हणतात, ते त्यात येतच नाही. ते गणिताने काढायची वाट दाखवली म्हणून हाउप्टमन आणि कार्ल यांना १९८५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि हाउप्टमन मुळात गणितवाला. आज छोट्या रेणूला सॉफ्टवेअर बहुतेक वेळा मिनिटांत सोडवतं, इथवर तुमचं बरोबर. पण कार्बन आणि नायट्रोजनमध्ये फरक एका इलेक्ट्रॉनचा, हायड्रोजन तर जेमतेम दिसतो, सॉफ्टवेअर खुशाल चुकीचा अणू बसवतं आणि चित्र तरी झकासच दिसतं. ती चूक पकडायला माणूस लागतो. आणि त्याआधी मिलिमीटरच्या पाव हिश्शाएवढा एक नितळ क्रिस्टल वाढवावा लागतो, तो वाट बघूनच मिळतो. बाटलीकडे बघत बसणं हेच ते काम.

नोकरीचं खरं सांगतो, नुसत्या क्रिस्टलोग्राफीच्या जागा कमी आहेत, सिंथेसिस, म्हणजे रेणू बनवायचं काम, पण हातात ठेवायला सांगा. औषध कंपन्यांत मात्र याला किंमत आहे. १९९८ ला रिटोनाविर या एचआयव्हीच्या औषधाचा रेणू तोच राहिला, क्रिस्टलमधली मांडणी बदलली, औषध नीट विरघळेना आणि कॅप्सूल बाजारातून काढाव्या लागल्या.

एमएस्सीला जॅम, पीएचडीला नेट नाहीतर गेट, या परीक्षांचं ती बघेल.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा. आणि ती बाटली मागाच्या खोलीतून आधी हलवा, त्या हादऱ्यात धड क्रिस्टल यायचा नाही, बारीक भुगा तेवढा हाती लागेल.