साठीतल्या आईवडिलांना कळसूबाईला नेता येईल का? आणि वर जाणं नाही जमलं तर ते दिवसभर काय करतील?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरात तुम्ही दोघे भाऊ कळसूबाई करणार आहात, एकसष्ट आणि सहासष्ट वर्षांचे आईवडील सोबत यायचं म्हणताहेत, तर त्यांना वर न्यावं की खालीच ठेवावं, आणि खाली ठेवलं तर ते कंटाळतील का.

वर न्यायचं का, ते त्यांच्या गुडघ्यांना विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी छातीठोकपणे देऊ शकतो, कारण हा प्रयोग आमच्या घरात करून झालाय.

आधी चढाईचं उरकतो. शिखर १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. नेहमीची वाट अकोले तालुक्यातल्या बारी गावातून निघते. गावच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्षात चढायचं असतं साधारण साडेआठशे मीटर. सवय असलेल्याला तीन-साडेतीन तास, साठीतल्या माणसाला पाच धरा. वाट चुकायची भीती नाही, अवघड कड्यांना लोखंडी शिड्या लावल्यात, जागोजागी लिंबूपाणी आणि भजीवाले आहेत. वयाचं म्हणाल तर एकदा नवरात्रात माझ्यापुढे एक आजी चालल्या होत्या, पायात स्लीपर, डोक्यावर पूजेचं ताट, आणि मी तीनदा दम खाल्ला तरी त्या एकदाही थांबल्या नाहीत. पण त्या डोंगराच्या कुशीतल्या होत्या. शहरात लिफ्टने जाणाऱ्या माणसाला चढताना फक्त दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात, आणि तोवर परत फिरायची सोय नसते. सलग तीन तास जिने उतरायची ताकद असेल तर न्या. नसेल तर आग्रह करू नका.

आणि काहीही करा, रविवार टाळा. मी एकदा ऑगस्टातल्या रविवारी गेलो होतो. शिडीवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकले, आणि भर पावसात चाळीस मिनिटं मी एकाच पायरीवर उभा. वरच्याचा बूट माझ्या डोक्याशी, माझा बूट खालच्याच्या. अशा ठिकाणी आईवडील सोबत असावेत असं मला तरी वाटणार नाही.

आता आमची गोष्ट. आम्ही सिन्नरचे, म्हणजे पावसाकडे डोळे लावून बसलेल्या गावचे. तालुक्याच्या पूर्व भागात पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. आईचं आणि मावशीचं सगळं आयुष्य बाजरी, कांदा आणि टँकर ह्यांत गेलेलं. भात दोघींनी खाल्लेला, उगवताना जवळून कधी पाहिलेला नाही. जुलैतल्या एका बुधवारी मी आणि मावसभाऊ कळसूबाईला निघालो तर दोघी म्हणाल्या, आम्हीपण येतो, देवीला नारळ फोडायचाय.

सिन्नर-घोटी रस्ता तुम्ही कधी दिवसाउजेडी पाहिला नसेल तर तो स्वतःच एक सहल आहे. पन्नासेक किलोमीटर, पण तेवढ्यात जमीन बदलते. पांढुर्लीपर्यंत आपलीच ओळखीची शेतं. टाकेदचा फाटा येईस्तोवर बांधांना पाणी दिसायला लागतं, मग भाताची खाचरं सुरू होतात, आणि घोटीत पोचेपर्यंत गाडीच्या काचा आतून धुरकटतात. कारण सरळ आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला आपटून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. कड्यावरच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस कुणाला नवलाचा वाटत नाही. आमच्याकडे येतं ते उरलंसुरलं. मावशी काचेतून बघत बघत एवढंच म्हणाली, "म्हणजे आपला पाऊस हे लोक अडवून ठेवतात होय!"

तिला मी सांगितलं की पाणी शेवटी आपल्याच बाजूला येतं. ही डोंगररांग कुलंग गडापासून पूर्वेला पट्टा किल्ल्याकडे जाते. उत्तरेच्या उतारावरचं पाणी दारणेत उतरतं, दक्षिणेचं प्रवरेत, आणि दोन्ही नद्या पुढे गोदावरीलाच मिळतात. तिचं समाधान झालं नाही. सिन्नरच्या माणसाचं पाण्याच्या बाबतीत होत नाही.

बारीत गाडी लावली. पायथ्याच्या बाजूलाही कळसूबाईचं देऊळ आहे, ज्यांना वर जाणं झेपत नाही त्यांच्यासाठीच. ही गोष्ट तुमच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे अर्धी रुखरुख तिथेच मिटते. आमच्या दोघींनी नारळ तिथेच फोडला आणि आम्हाला म्हणाल्या, जा, आम्ही बसतो.

आम्ही वर गेलो. ढगात चाललो, ढगात शिड्या चढलो, ढगातच ते चिमुकलं शेंदरी देऊळ हाताला लागलं. स्वच्छ दिवशी तिथून पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग, दक्षिणेला रतनगड, लांबवर हरिश्चंद्रगड असा पसारा दिसतो, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी दहा फुटांवरचा मावसभाऊ दिसत नव्हता. रेंज आली म्हणून खाली फोन लावला. आईने विचारलं, "काय दिसतंय?" म्हटलं, "काहीच नाही." ती म्हणाली, "मग ठेव फोन, आमच्या हाताला चिखल आहे."

दुपारी उतरलो तेव्हा दोघी एका खाचरात होत्या. शब्दशः. साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या, डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. पूर्वी पळसाच्या किंवा सागाच्या पानांची इरली असायची, आता खताची गोणी उसवून केलेली खोळच सगळीकडे दिसते. आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. दहा-बारा बायका ओळीने वाकलेल्या, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने त्यातली दोन-तीन रोपं सुटी करायची, अंगठ्याने मुळं गाळात दाबायची आणि एक पाऊल मागे. पुढे नाही, मागे. म्हणजे लावलेलं तुडवलं जात नाही. नुसतं ऐकायला सोपं आहे. मावशीने लावलेली रोपं थोड्या वेळाने सुटून पाण्यावर तरंगायला लागली. शेजारची बाई हसून म्हणाली, "मावशे, तुझं भात पोहायला निघालं." मग तिने मावशीचा अंगठा आपल्या हातात धरून दाखवलं, किती खोल आणि कुठे सोडायचं. त्या दिवसाचा एकच फोटो माझ्याकडे आहे, तो ह्या दोन अंगठ्यांचा.

आईचं लक्ष बांधापलीकडच्या एका काळ्या चौकोनाकडे होतं. इथे काय जळालं, असं तिने विचारलं. तो राब. उन्हाळ्यात खाचराच्या कोपऱ्यात शेण, वाळक्या फांद्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर देतात आणि पेटवतात. वरच्या थरातलं तणाचं बी जळतं, राख खत होते, आणि पहिल्या पावसावर तिथे भाताचं बी टाकतात. महिनाभराने तीच रोपं उपटून मुठी बांधायच्या आणि आवणीला न्यायच्या. आईचा प्रश्न लगेच पुढचा: "मग एवढं जळण आणता कुठून?" त्यावर झाडाच्या फांद्या कुणी, कधी आणि किती छाटायच्या ह्याची अर्धा तास चर्चा झाली म्हणे. मी तेव्हा ढगात होतो.

चिखलात औत ओढणारे बैलही नीट पाहून घ्या. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे, बांध्याने मध्यम. ही डांगी जात. ह्यांच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे सततच्या पावसात हे बैल टिकतात, आणि खूर टणक असतात. आमच्याकडची खिल्लारं इथल्या जुलैत आठवडाभरही तग धरायची नाहीत. डिसेंबरात राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, पण तुम्ही ऑक्टोबरात येताय, त्यामुळे ते सोडा.

त्याच खाचराच्या बांधावर दोघींना कळसूची गोष्टही ऐकायला मिळाली. कळसू नावाची मुलगी एका पाटलाकडे कामाला राहिली, अटीवर: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले आणि पाटलाने तिला भांडी घासायला लावली. तिने घासली, आणि उठून जी डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. देवीची गोष्ट सांगून झाल्यावर लोक सहसा हात जोडतात. आमच्या आईने हात जोडले आणि म्हणाली, "आमच्या सिन्नरात एवढा उंच डोंगर नव्हता, नाहीतर मीही गेले असते." बांधावरच्या सगळ्या बायका एवढ्या हसल्या की औत थांबलं.

आता तुमचा ऑक्टोबर. आवणी दिसणार नाही. पण ऑक्टोबर माझ्या मते ज्येष्ठांसाठी जुलैपेक्षा चांगला. पाऊस ओसरलेला असतो, वाट वाळायला लागलेली असते, हवा स्वच्छ असते. महिन्याच्या सुरुवातीला गेलात तर उतारांवर सोनकीचा शेवटचा पिवळा हात असेल, आणि उतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत खुरासणी फुललेली. लांबून दोन्ही पिवळं सारखंच दिसतं, पण सोनकी आपली आपण उगवते, खुरासणी तेलासाठी पेरलेली असते. आईवडिलांना ओळखायला लावा, वेळ छान जातो. लवकर पिकणारं हळवं भात कापणीला आलेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं अजून हिरवं असतं, त्यामुळे एकाच खोऱ्यात हिरव्यापासून सोनेरीपर्यंत सगळे रंग. नवरात्र असेल तर मात्र आधी चौकशी करा. जत्रेला पंचक्रोशी लोटते. जत्रा बघायची असेल तर तेव्हाच जा, शांतता हवी असेल तर तेव्हा मुळीच जाऊ नका.

तुम्ही वर असताना त्यांना दिवसभर बारीतच बसवून ठेवू नका. गावातूनच एखादी जीप ठरवून द्या. पहिलं रतनवाडी. भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या पार दुसऱ्या टोकाला अमृतेश्वराचं देऊळ आहे, पाषाणात कोरलेलं, एवढ्या आडरानात एवढं नाजूक काम कुणी केलं असेल असं वाटायला लावणारं. शेजारी पुष्करणी. मागे रतनगड, जिथे प्रवरा उगम पावते. चालायला जवळजवळ काही नाही, बसायला भरपूर. वडिलांना बांधकामाची आवड असेल तर भंडारदऱ्याचं धरण: १९१० मध्ये काम सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं, दगडी बांधकाम, अजून प्रवरेच्या खालच्या खोऱ्यातला ऊस त्याच्यावर पोसला जातो. रंधा धबधबा जवळच आहे, कठड्यापासून बघा, पुढे जाऊ देऊ नका. घाटघरचा कडा वेळ उरला तर. सांदण दरी त्यांच्यासाठी नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. इतिहासात रस असेल तर ह्याच तालुक्यातलं देवगाव हे राघोजी भांगरेंचं गाव. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे, १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले.

काजव्यांबद्दल कुणीतरी टिप्पणीत विचारेलच, म्हणून सांगतो: ते मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, ऑक्टोबरात नाहीत. आणि गेलात कधी तर गाडीचे दिवे बंद ठेवा. काजवे बघायला येऊन झाडावर हेडलाइट मारणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना काय म्हणावं मला अजून सुचलेलं नाही.

राहायचं तर हॉटेलपेक्षा गावातल्या घरात राहा. फक्त ठरवताना संडास घराला लागून आहे का आणि कमोड आहे का, हे न लाजता विचारा. आईवडिलांच्या सहलीचं यशापयश शिखरापेक्षा त्यावर जास्त ठरतं. जेवायला तांदळाची किंवा नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, पिठलं, ठेचा असं साधं मागा. पनीर मागाल तर मिळेल, पण कशाला.

पुण्याहून येणार असाल तर आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. मुंबईहून घोटीवरून. रेल्वेने इगतपुरी किंवा कसारा, पुढे जीप किंवा एसटी. राजूरला पेढ्यांसाठी थांबा, ते चुकवू नका.

आणि आईंच्या हातात एक रिकामी पिशवी द्या. गावात थेट शेतकऱ्याकडून तांदूळ मिळतो, जुन्या वाणांचाही. बियाण्यांच्या कामासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे ह्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, त्यामुळे गावठी वाण म्हटलं की इथे लोक खुलून बोलतात. आमच्या मावशीने त्या बुधवारी पाच किलो आणला. मी विचारलं कोणता, तर म्हणाली, नाव विसरले, पण पोहत नाही तो.