पुण्याहून कोकण किनाऱ्यावरच्या वेळास गावाला कासवाची पिल्लं बघायला कधी जावं?

मार्चचा दुसरा पंधरवडा ते एप्रिलचा मध्य. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते. कोल्हे-कुत्री ती उकरतात, म्हणून गावकरी ती उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरतात. पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांनी निघतात, पण रोज निघतीलच असं नाही. पुण्याहून निघण्याआधी घरगुती निवासवाल्यांना फोन करून कोणती घरटी फुटायला आली आहेत ते विचारा. ताम्हिणी-माणगाव-मंडणगड मार्गे जा आणि मुक्काम कराच: पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, त्यामुळे दोन संधी मिळतात.

फ्लॅश, टॉर्च कृपा करून बंद ठेवा. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. हातात तर अजिबात घेऊ नका. पाण्यापर्यंतचं ते इवलंसं सरपटणं त्यांचं त्यांनाच करू द्या.