जीबीएस, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस आणि सारखा होणारा न्यूमोनिया : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : भावाचं वय ३४. जुलाब थांबून दहा दिवस झाले नाहीत तोच पायांत मुंग्या आल्या, मग जिना चढवेना. जीबीएस निघाला. पाच दिवस महागडी इंजेक्शनं दिली, तरी महिना झाला, तो चालत नाही. पैसे वाया गेले का? घरात आणखी कुणाला होईल का? (कागल)

वाया गेलेले नाहीत. जीबीएस म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम, आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार. कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जिवाणूमुळे जुलाब होतात. त्याच्या आवरणावरचे काही साखरेचे रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच असतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) मज्जातंतूंवरच तुटून पडतात. भावाला दिलेलं आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या प्रतिपिंडांचं शिरेतून दिलेलं इंजेक्शन, हा हल्ला आवरतं, पण झालेली इजा ते भरून काढत नाही. ते काम शरीर स्वतः करतं आणि त्याला महिने लागतात. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांवर चालू लागतात. तोवर फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नका.

खर्चाचं म्हणाल तर हे औषध वजनावर ठरतं, किलोमागे एकूण २ ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम लागतात आणि ते रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारायचं असतं. बिल झाल्यावर नव्हे. या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, म्हणून कुणी ती सुचवली तर कारण विचारा.

हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. पाणी मात्र सगळ्यांचं एकच असतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात एकदम इतके रुग्ण आले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यानं कावीळ पसरली होती. ती हेपटायटिस ई होती आणि तिच्यानंतरही क्वचित जीबीएस होतो. पंचगंगेकाठी राहणाऱ्यांनी पाणी उकळून प्यावं, चिकन पूर्ण शिजवावं आणि कच्चं चिकन चिरलेली सुरी-पाट घासल्याशिवाय कोशिंबिरीला घेऊ नये. जुलाबानंतर पाय जड पडू लागले तर सकाळची वाट पाहू नका. एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर व्हेंटिलेटरची सोय असलेलंच रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची. आधी झोप उडाली, मग असंबद्ध बडबड, नंतर फिट्स. डॉक्टर ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणतात, भावकी म्हणते बाहेरचं आहे, नरसोबाच्या वाडीला न्या. (गडहिंग्लज)

वाडीला दत्तमहाराजांचं दर्शन जरूर घ्या, पण मुलगी बरी झाल्यावर. आज तिला रुग्णालयातून हलवू नका.

ऑटोइम्यून एन्सेफलायटिस म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणारी सूज. मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टर या संदेश घेणाऱ्या रेणूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की माणूस नेमका असाच वागतो. हा आजार ओळखला गेला तो २००७ मध्ये. त्याआधी अशा कितीतरी पोरी वेड्या ठरल्या असतील, याची मला फार खंत वाटते. पाठीतलं पाणी काढून तपासतात, त्याला घाबरू नका. पोटाची सोनोग्राफी झाली आहे का, हेही विचारा. तरुण मुलींमध्ये कधी कधी बीजाशयातल्या गाठीमुळे हे सुरू होतं आणि ती काढल्याशिवाय औषध नीट लागू पडत नाही. स्टेरॉइड, आयव्हीआयजी, गरज पडल्यास रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध) असे उपचार आहेत. वेळ लागतो, पण बहुतेक जणी सावरतात. चिडचिड, विसराळूपणा शेवटी जातो, तोवर तिला बोल लावू नका.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा. चार वेळा न्यूमोनिया, कान सदा वाहतो. माझाही एक मुलगा लहानपणी असाच न्यूमोनियानं गेला. प्रतिकारशक्तीचं चांगलं टॉनिक सांगा. (शिवाजी पेठ)

आजी, तुमच्या मुलाबद्दलचं वाक्य वाचून मी थांबलो. हे टॉनिकचं काम नाही. बाळाचा मामा असाच गेला असेल, म्हणजे हा नातू तुमच्या मुलीचा असेल, तर हा आजार आईकडून मुलग्यांना येणारा असू शकतो. ब्रूटन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. यात शरीर प्रतिपिंडं बनवतच नाही. पहिले सहा महिने आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवर बाळ ठणठणीत असतं, मग आजारपणं सुरू होतात.

बालरोगतज्ज्ञांना तुमच्या मुलाबद्दल न विसरता सांगा. रक्तातली आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिपिंडांची पातळी आधी तपासतात. ती कमी निघाली तर पुढच्या तपासण्या मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत होतात. निदान होईपर्यंत पोलिओचे थेंब किंवा कुठलीही जिवंत लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. निदान पक्कं झालं तर दर तीन-चार आठवड्यांनी आयव्हीआयजी द्यावं लागतं, कायमचं. ते वेळेवर मिळालेली मुलं शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. यात तुमचा किंवा लेकीचा दोष नाही.

प्रश्न : मला मायस्थेनिया आहे, संध्याकाळी पापणी पडते. गुळवेलीचा काढा घेऊ का? (इचलकरंजी)

नको. मायस्थेनिया म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार. त्यात तुमची प्रतिकारशक्ती कमी नाही, ती चुकीच्या जागी काम करते आहे, म्हणून तर तिला आवरणारी औषधं दिली आहेत. गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. त्याहून मोठा धोका साध्या सर्दीतापात दिल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिक्समध्ये आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन यांनी तुमचा अशक्तपणा एकाएकी वाढू शकतो. ही नावं चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरांकडे किंवा मेडिकलमध्ये गेलात की आधी ती दाखवा.