सैनिक २५ टक्के कमी, बचत मात्र १५ टक्के: शांतिसेनेचा हिशोब असा का?

तुम्ही विचारलंय की, ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेनेतले जवळपास २५ टक्के जवान आणि पोलीस परत पाठवायचं ठरवलं, पण खर्चातली कपात १५ टक्क्यांचीच सांगितली. माणसं जेवढी कमी, तेवढाच खर्च कमी, असं का होत नाही?

मी परभणीकडचा. सैन्यात पुरवठ्याच्या कामात होतो आणि दक्षिण सुदानमध्ये मलाकालला आपल्या बटालियनबरोबर एक वर्ष काढलं. रेशन, डिझेल, गाड्यांची रजिस्टरं हेच काम. तिथून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: हा खर्च नुसती डोकी मोजून निघत नाही, ती माणसं कुठे उभी आहेत यावर तो फार ठरतो.

आधी डोक्यांचा हिशोब. एका जवानामागे संयुक्त राष्ट्रं महिन्याला ठरावीक रक्कम देतात. २०१८ पासून ती १,४२८ डॉलर होती, जुलै २०२२ पासून १,४४८ झाली. देश कुठलाही असो, दर एकच. हे पैसे जवानाला नाही, त्याच्या सरकारला मिळतात. जवानाच्या हातात मिशनकडून रोजचे १.२८ डॉलर आणि थोडा रजेचा भत्ता येतो. पगार आपापल्या सरकारचा.

आता २०२१-२२ चं वर्ष घ्या. दक्षिण सुदानच्या मिशनचं अंदाजपत्रक होतं सुमारे १११ कोटी डॉलर आणि सैनिक १४-१५ हजार. साडेचौदा हजार धरून बारा महिन्यांचा गुणाकार करा, २५ कोटींच्या आतच येतो. म्हणजे एकूण खर्चाच्या पाव हिश्शापेक्षाही कमी. त्यातले एक चतुर्थांश जवान घरी पाठवले तर या खात्यात वाचतात सहा कोटींच्या आसपास. १११ कोटींतले सहा! माणसांबरोबर त्यांचं रेशन आणि त्यांच्या गाड्याही जातात, तिथेही बचत होते, पण बाकीचं बरंचसं जागच्या जागी राहतं.

ते बाकीचं म्हणजे काय, हे मलाकालला कळतं. काळी माती पावसात कशी पायाला धरते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथे उतरलो तर तीच माती, फक्त नजर जाईल तिथवर पसरलेली. पाऊस लागला की महिनोन्‌महिने रस्ते बंद. छावणीत घालायला मुरूमसुद्धा लांबून आणायचा. सामान राजधानी जुबाहून पांढऱ्या नाईल नदीतून बार्जवर, म्हणजे मालवाहू सपाट बोटीवर, यायचं, नाहीतर विमानाने. विजेची तार नाही, म्हणून अख्खी छावणी जनरेटरवर, आणि त्या जनरेटरचं डिझेलही बाहेरूनच येणार. पाणी नदीतून उपसून आपणच शुद्ध करायचं.

याच्याशेजारी लेबनॉनचं मिशन ठेवून बघा. त्याच वर्षी तिथे दहा हजारांच्या आसपास सैनिक होते आणि अंदाजपत्रक ४८ कोटी डॉलरच्याही आत. तिथे दर सैनिकामागे वर्षाला ४८ हजार डॉलर पडतात, दक्षिण सुदानात ७५ हजारांच्या वर. जवानाचा दर दोन्हीकडे तोच. पण लेबनॉनमध्ये लितानी नदीच्या दक्षिणेचा लहानसा पट्टा सांभाळायचा, डांबरी रस्ते आणि बैरूतचं बंदर हाताशी. म्हणूनच तिथे सैनिक घटले की आकडा पटकन खाली येतो, दक्षिण सुदानात येत नाही.

यंत्रसामग्रीचाही हिशोब असतो. गाड्या, जनरेटर, पाण्याची यंत्रं बहुतेक वेळा ज्या देशाची तुकडी त्या देशाचीच, संयुक्त राष्ट्रं त्यांचं भाडं देतात. दर तीन महिन्यांनी तपासणी पथक यायचं. हातात यादी, एकेका गाडीपुढे उभं राहून नंबर पडताळायचे, इंजिन सुरू करायला लावायचे. एकदा आमचा एक मोठा जनरेटर तपासणीच्या आदल्या दिवशी बसला, आणि सुटा भाग जुबात अडकलेला. आमच्या मेकॅनिकांनी रात्रभर बॅटरीच्या उजेडात खटपट केली आणि पहाटे तो धडधडला. बंद यंत्राचं भाडं मिळत नाही, आणि २०१३ पासून तर महत्त्वाची सामग्री बराच काळ बंद राहिली की जवानांमागच्या रकमेतूनही कापतात. हा नियम मला योग्यच वाटतो. बंद गाडीतून गस्त होत नाही.

शिवाय परत जाण्याचाही खर्च आहे आणि तो सुरुवातीलाच अंगावर येतो. गाड्या चिखल निघेपर्यंत धुवायच्या, कंटेनर भरायचे, ते जुबामार्गे केनियातल्या मोंबासा बंदरापर्यंत न्यायचे आणि मग जहाज. हे भाडं संयुक्त राष्ट्रं भरतात. त्यात मिशनचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. ऑक्टोबरमध्ये कपात ठरली म्हणजे तीन महिने खर्चून झालेले, आणि वर्षभराची बचत उरलेल्या महिन्यांत काढायची. मग माणसं जास्तच कमी करावी लागतात.

ही वेळ का आली? सैनिकांची कमाल संख्या सुरक्षा परिषद ठरवते, पैसे मंजूर करते महासभा, आणि भरायचे सदस्य देशांनी. थकबाकी २०० कोटी डॉलरच्या वर गेली होती. हे दुखणं जुनं आहे. १९६० ते ६४ च्या काँगो मोहिमेत सैनिक २० हजारांच्या घरात गेले आणि सोव्हिएत संघ व फ्रान्स यांनी आपला वाटा द्यायला नकार दिला. आपले कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया त्याच मोहिमेत १९६१ मध्ये शहीद झाले. जुलै १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा खर्च संघटनेचाच आहे असं मत दिलं, तरी पैसे आले नाहीत. तूट भरायला २० कोटी डॉलरपर्यंतचे रोखे काढायचं तर त्याआधीच, डिसेंबर १९६१ मध्ये, ठरवावं लागलं होतं. आजही वाटा थकला की सैनिक पाठवणाऱ्या देशांचे पैसे अडकतात. ते देश बहुतेक गरीब किंवा मध्यम, म्हणजे श्रीमंतांची उधारी ते उचलतात. हे मला फार खटकतं.

आणि कपात बसते कुठे, तेही सांगतो. बटालियनमधले स्वयंपाकी, ड्रायव्हर, दवाखान्यातले, वायरलेसवाले कमी करता येत नाहीत. छावणीभोवतीचे पहाऱ्याचे बुरूज तेवढेच, दोनशे माणसं गेली म्हणून कुंपण आखूड होत नाही. उरतात ती गस्तीवर जाणारी माणसं. आमच्या छावणीला लागून हजारो विस्थापित राहायचे. बायका सरपणाला निघाल्या की गस्तीची गाडी बरोबर असेल तर लांबवर जायच्या, नसेल तर कुंपणाच्या कडेनेच काटक्या वेचून परतायच्या.