एकच पाय चार ठिकाणी कसा मुरगळेल?

प्रश्न : सर, येत्या वैशाखात मुलीचं लग्न आहे. नव्या ओसरीच्या भिंतीवर वारली चित्र लावावं म्हणते. तालुक्याच्या दुकानात फ्रेमसकट २५० रुपयांना मिळतं. भाच्यानं डहाणूकडच्या एका कलाकाराला फोन केला, तर २ बाय ३ फुटांच्या कापडाचे त्यानं ३,५०० सांगितले. दिसायला दोन्ही सारखीच, मग इतका फरक कशाचा? लग्नच आहे तर वारली घरात लग्नाला भिंतीवर काढतात तो लग्नाचा चौकच काढून मागावा का? आणि आपल्या झाडीपट्टीत अशी चित्रकला का नाही?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, ‘सारखीच दिसतात’ हे वाचलं आणि माझी फजिती आठवली. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एकदा एका प्रदर्शनातून हातचं म्हणून वारली चित्र घेतलं, चांगले पैसे मोजले आणि थाटात वर्गात टांगलं. आठवड्यानं सातवीतला एक पोरगा म्हणाला, “सर, या बाईचा पाय मुरगळला आहे. अन् या बाईचाही. अन् तिकडच्या दोघींचाही तस्साच.” चारही पाय अगदी एकाच कोनात वाकडे. छापाच होता तो. हातानं काढणाऱ्याचा पाय चुकतो, पण दर वेळी वेगळा चुकतो. दुकानातल्या चित्रात तारप्यावर (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचणाऱ्यांची रांग नीट न्याहाळा, पोराचं म्हणणं पटेल.

आता ३,५०० चं. हातच्या चित्रात तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, डिंक घालून पांढरा रंग करतात आणि बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला. आता पुष्कळ जण पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिक वापरतात, म्हणून ते चित्र खोटं ठरत नाही. मी स्वतः काडी चावून बसलो होतो. दिवसभरात वीतभर तुकडा भरला आणि मान आखडली ती वेगळीच. सवयीचा हात माझ्याहून कितीतरी चपळ, तरी २ बाय ३ फूट म्हणजे दिवस मोडतातच. धानाच्या रोवणीला बाई लावली तर तिला दिवसाचे किती देता? त्या दरानं त्याचे दिवस मोजा, कापड-रंग-टपालखर्च धरा आणि मग सांगा महाग आहे का. एवढे पैसे नसतील तर एक बाय एक फुटाचं घ्या, पण हातचं घ्या. ‘थोडं कमी करा’ मात्र म्हणू नका. रोवणीवालीशी तुम्ही असं बोलत नसाल.

चौकाबद्दल जरा थांबा. वारली घरात लग्नाचा चौक शोभेसाठी नसतो. मधे पालघट ही सुफलतेची देवी असते, सवाशिणी तो लिहितात, म्हणजे काढतात, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. आपण सोफ्याच्या वर देव्हारा टांगतो का? तसंच हे. त्यापेक्षा तारपा नाच मागा, भाताची कापणी मागा. धानाच्या मुलखात ती शोभेलही. मूळ बायकांच्या हातचं हे काम १९७० च्या दशकात भिंतीवरून कागदावर आलं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते सणा-लग्नापुरतं न ठेवता रोजचं केलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारलीला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी कपबशीवर आणि बेडशीटवर त्या आकृत्या छापणारे छापतातच, आणि त्यातला रुपया गंजाडला पोचत नाही.

आणि आपल्याकडे काही नाही असं कसं म्हणता? आषाढी अमावास्येला जिवतीचा कागद भिंतीला लावता ना? नरसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका, बुध-बृहस्पती. लहानपणी मी चित्र बघायला शिकलो ते त्या कागदावरच. शिवाय मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या, दिवसांतली नाटकं! राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा, नदीचा पडदा, सगळे हातचे. आमच्या गावच्या रंगाऱ्याचा जंगलाचा पडदा मला अजून दिसतो. त्यानं वाघ काढला होता मांजरासारखा, पण मोहाची झाडं अशी की वास यावा. पुढे फ्लेक्स आला आणि त्याला दुकानांच्या पाट्याही मिळेनात. तुमच्या भागात असा म्हातारा पडदेवाला शिल्लक असेल, तर मांडवाच्या दारावरची पाटी त्याच्याकडून रंगवून घ्या. हे मी तुम्हाला वारलीच्याही आधी सांगायला हवं होतं.

गोंड चित्रं आपली की मध्य प्रदेशची, असंही लोक विचारतात. आज त्या नावानं विकली जाते ती शैली मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढच्या परधान (गोंडांच्या गाथा गाणारे) घरांतून आली. तिथले चित्रकार जनगढ सिंह श्याम भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले आणि भिंतीवरचं कागदावर उतरलं. परधान आपल्या यवतमाळ-चंद्रपुरातही आहेत, पण ती कलम तिकडची. त्यात प्रत्येक चित्रकाराची ठिपक्या-रेघांची भरण वेगळी असते, जणू सहीच. घेताना ती कोणाची, हे जरूर विचारा.

कलाकाराला अर्धे पैसे आधी पाठवा. मोबाइलवरचा फोटो धाडून ‘हुबेहूब असंच’ म्हणू नका. लग्नाचं घर आहे एवढं सांगा, बाकी त्याच्यावर सोडा. वैशाखात लग्न, तर ऑर्डर आत्ताच द्या. पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, आपलं ऊन रंग खातं. पिठाचा रंग असेल तर पावसाळ्यात कसर लागते, म्हणून काच लावा, पण कापडाला चिकटून नको. कापडामागे त्याला नाव, गाव आणि तारीख लिहायला सांगा, आणि फ्रेमवाल्याला नीट बजावा. हे लोक पाठीमागे पुठ्ठा डकवतात, नाव झाकून जातं.