करवंटीचा गॅसिफायर: कार्यक्षमतेचा आकडा कार्बनने तपासा

प्रश्न (फोंडा): आमच्या डाऊनड्राफ्ट गॅसिफायरमध्ये (कमी हवेत जळणाचा जळाऊ गॅस करणारं यंत्र; यात गॅस खालून निघतो) तासाला १० टक्के ओलाव्याची १२ किलो करवंटी जळते. मीटरवर हवा २० घनमीटर दिसते. गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साईड २०, हायड्रोजन १७, मिथेन २, कार्बन डायऑक्साईड १२ आणि नायट्रोजन ४९ टक्के. कार्यक्षमता (करवंटीतली किती ऊर्जा गॅसमध्ये उतरली) ८३ टक्के आली. बरोबर आहे का?

उत्तर: नाही. पण मोजमाप नीट घेतलंत, म्हणून चूक सापडते. घटकांवरून गॅसचं उष्मांक मूल्य (जळताना मिळणारी उष्णता) दर घनमीटर ५.०८ मेगाज्यूल. तुमच्या हिशेबात किलोमागे १.६७ घनमीटर हवा. नायट्रोजन आत येतो तेवढाच बाहेर पडतो (हवेत ७९ टक्के, गॅसमध्ये ४९), म्हणून १.६७ × ०.७९ ÷ ०.४९ = २.६९ घनमीटर गॅस. आता कार्बन मोजा. अशा एक घनमीटर गॅसमध्ये तो १८२ ग्रॅम, म्हणजे एकूण ४९० ग्रॅम. किलोभर करवंटीत मात्र तो साधारण ४५० ग्रॅमच. घातला त्याहून जास्त कार्बन बाहेर पडणार कसा?

घोळ हवेत आहे. उष्मांकाचे कोष्टक ० अंशाचे, तुमची हवा ३० अंशांची. २७३/३०३ ने गुणा (० आणि ३० अंश केल्विनमध्ये). शिवाय पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेला हवेत सुमारे ३ टक्के वाफच असते, तीही वजा करा. कोरडी हवा १.४५ उरते, गॅस २.३४ घनमीटर, ऊर्जा ११.९ मेगाज्यूल. किलोभर करवंटीचे १६.४ मेगाज्यूल धरले तर कार्यक्षमता सुमारे ७२ टक्के. कार्बन ४२६ ग्रॅम; उरलेला कोळशात आणि डांबरात (गॅससोबत निघणारे चिकट पदार्थ) गेला. हा हिशेब पटतो.

प्रश्न (फर्मागुढी, विद्यार्थी): माझं समतोल मॉडेल (सगळ्या रासायनिक क्रिया समतोलाला पोचल्या असं धरणारं गणित) मिथेन जवळजवळ शून्य देतं आणि हायड्रोजन मोजलेल्यापेक्षा जास्त.

उत्तर: असंच होणार. ८०० अंशांच्या आसपास समतोलात मिथेन टिकत नाही. प्रत्यक्षात तो पायरोलिसिसमध्ये (हवेविना तापून जळण मोडताना) सुटतो आणि पूर्ण मोडायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून मिथेन २ टक्के आणि न जळलेला कोळसा ५ टक्के कार्बन असे आधीच बाजूला काढा, उरलेल्यावरच समतोल लावा. भिंतींतून जाणारी ५ ते १० टक्के उष्णताही घाला, नाहीतर तापमान खोटं वर जातं. मात्र डांबर किती येईल, हे असलं मॉडेल सांगूच शकत नाही.

प्रश्न (सत्तरी): काजूची टरफलं थेट घातली तर?

उत्तर: नको. त्यांत बरंच तेल असतं. तापल्यावर ते पाझरतं, टरफलं चिकटून गोळा होतो आणि गॅसिफायरच्या गळ्यावर (आतल्या अरुंद भागावर) पूल बांधल्यासारखी अडकतात. खाली पोकळी पडून गॅस बिघडतो. तेल काढलेली पेंड ठोकळे करून वापरा. भट्टीसाठीच गॅस हवा असेल तर तो थंड न करता गरमच बर्नरला द्या, डांबर तिथंच जळेल. इंजिनासाठी मात्र ती सोय नाही. आणि शेड उघडी ठेवा: कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.