रिब्ड स्लॅबचे वजन वाढले कोठे?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरील एका मंगल कार्यालयाच्या ८ × १२ मीटर सभागृहासाठी मी ईटॅब्स या संरचना-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये रिब्ड स्लॅबचे, म्हणजे खाली ठरावीक अंतरावर अरुंद तुळया (रिब) असलेल्या स्लॅबचे, मॉडेल केले आहे. एकूण खोली ३७५, वरचा थर ७५, रिबची रुंदी १२५ आणि दोन रिबमधील अंतर ९०० मिलिमीटर आहे. रिब ८ मीटरच्या, म्हणजे वाय दिशेने आहेत. स्लॅबला रिब्ड प्रॉपर्टी दिली, पण प्लॅनमध्ये रिब दिसेनात, म्हणून त्या जागी १३ बीमही काढले. आता कडेचे बीम वगळून वजन ४०२ किलोन्यूटन येते आणि ८ मीटर लांबीच्या कडेच्या बीमवरही बराच मोमेंट (वाकवणारा परिणाम) दिसतो. कोठे चुकले?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण मापे नेमकी कळवलीत, त्यामुळे चूक कागदावरच सापडते. ७५ मिलिमीटरचा थर आणि दर ९०० मिलिमीटरला एक, अशी ३०० मिलिमीटर खोल रिब मिळून सरासरी जाडी सुमारे ११७ मिलिमीटर भरते. काँक्रीट घनमीटरला २५ किलोन्यूटन धरले, तर ९६ चौरस मीटरचे वजन २८० किलोन्यूटन होते. उरलेले १२२ किलोन्यूटन आपल्या १३ बीमचे, म्हणजे त्याच रिबचे दुसऱ्यांदा धरलेले वजन आहे. रिब्ड प्रॉपर्टीत रिब स्वतंत्रपणे काढलेल्या नसतात. त्यांचा स्टिफनेस (ताठरपणा) संपूर्ण स्लॅबभर पसरून धरलेला असतो. रिब प्लॅनमध्ये न दिसणे ही चूक नव्हती.

बीम पुसाच, परंतु तेवढ्यावर थांबू नका, कारण त्यांच्याआड दुसरी चूक झाकली गेली आहे असे मला वाटते. रिबची दिशा स्लॅबच्या लोकल १ अक्षाला, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या स्लॅबपुरत्या मानलेल्या पहिल्या दिशेला, समांतर ठेवलेली असेल आणि तो अक्ष आपण फिरवला नसेल, तर तो एक्स दिशेतच असतो. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी रिब १२ मीटरच्या गाळ्यावर (दोन आधारांमधील अंतरावर) टाकलेल्या आहेत. ८ मीटरच्या बीमवरील मोमेंट त्याचीच खूण आहे. एका दिशेने वाकणाऱ्या स्लॅबचे डिफ्लेक्शन (खाली झुकणे) गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे बीम काढल्यावर ते अपेक्षेच्या सुमारे पाचपट दिसू शकेल. अक्ष ९० अंशांनी फिरवा आणि मग वजन पुन्हा २८०शी ताडून पाहा.

मापे मात्र बदलू नका. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार रिब किमान ६५ मिलिमीटर रुंद, १.५ मीटरपेक्षा कमी किंवा तितक्याच अंतरावर असावी आणि वरचा थर वगळून रुंदीच्या चौपटीपेक्षा अधिक खोल नसावी. आपली रिब तिन्ही अटींत बसते. शेवटी एक रिब टी-सेक्शन (वरच्या थरासह इंग्रजी टी आकाराचा छेद) धरून हाताने तपासा. आधाराजवळ मोमेंट उलटा असेल तेथे वरचा थर ताणात जातो आणि दाब घ्यायला खालची १२५ मिलिमीटर रुंदीच उरते, म्हणून ती जागा टी-सेक्शन न धरता आयताकृती छेद म्हणूनच तपासावी.